लेकरू बोलंना, म्हणजे नेमके काय?

प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यात आमच्या विषयाची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्याने होते : "लेकरू बोलंना." आई म्हणते, आजी म्हणते, क्वचित बाप म्हणतो. अंगणवाडीच्या ओट्यावर, ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत, नाहीतर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या ओळखीच्या डॉक्टरला गाठून. वाक्य एकच, त्याच्या पोटात मात्र निदान सहा-सात वेगळ्या गोष्टी असू शकतात. लेकराला ऐकूच येत नसेल. ऐकू येते, पण ऐकलेले उमगत नसेल. सगळे उमगते, पण तोंडातून शब्द निघत नसेल. शब्द निघतात, पण घरच्यांखेरीज कोणाला कळत नसतील. घरात तोंडाला खळ नसते आणि अंगणवाडीचा उंबरा ओलांडला की चकार शब्द काढत नसेल. दीड वर्षाचे असताना 'मामा', 'दूद' म्हणत होते आणि आता तेही शब्द गेले असतील. किंवा मूल चांगले घडाघडा बोलत असेल, पण तांड्यावरची बंजारा बोली, गोरमाटी, बोलत असेल, आणि समोरच्या सेविकेला ती येत नसेल.

या गोष्टी एकमेकींपासून सोडवून पाहणे म्हणजे बालकांच्या वाचा आणि भाषा विकासाचे मूल्यमापन. उपचार पुढचे. एकाच तक्रारीसाठी एका लेकराला कानाचे यंत्र लागते, दुसऱ्याला घरच्यांशी रोज अर्धा तास खेळ लागतो, तिसऱ्याला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे तातडीने पाठवावे लागते, आणि चौथ्याला काहीच लागत नाही. लागते ती त्याची बोली समजणारी बाई. हे पुस्तक ज्यांच्या हातात पडावे असे वाटते ते वाचक तीन-चार प्रकारचे आहेत : वाचा-श्रवणशास्त्राची पदवी घेऊन पहिल्यांदा जिल्ह्याच्या ठिकाणी रुजू होणारे विद्यार्थी, बालआरोग्य तपासणी पथकातले डॉक्टर, समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आणि अंगणवाडी सेविका. शेवटचा गट मुद्दाम शेवटी लिहिला. कामात तो पहिला असतो.

या विषयात माणूस दोन दिशांनी चुकतो. एक, बोलीला दोष समजतो. दोन, दोषाला बोली, स्वभाव नाहीतर घराण्याची रीत समजून सोडून देतो. पहिल्या चुकीने धडधाकट लेकराच्या कपाळी शिक्का बसतो, दुसरीने गरजू लेकराची दोन-तीन मोलाची वर्षे जातात. शहरातून शिकून आलेला माणूस बहुधा पहिली करतो, गावातला दुसरी. पुस्तकात पुढे जे काही सांगितले आहे ते या दोन्ही चुका एकाच वेळी कशा टाळायच्या याबद्दल आहे, आणि ते वाटते तितके सोपे नाही, कारण एक टाळायला जावे तर पाय दुसरीत पडतो.

दुसऱ्या चुकीपासून सुरुवात करू, कारण तिला प्रेमाचा आधार असतो. "बाप बी चौथ्या वर्षी बोलला" हे वाक्य इथल्या प्रत्येक सेविकेने ऐकले असेल. ते बहुतेक वेळा खरेही असते. पण त्याचा अर्थ उलटा लावला जातो. घरात कोणी उशिरा बोलले असेल तर मुलाच्या भाषेला अडचण येण्याची शक्यता वाढते, हे अनेक देशांतल्या पाहण्यांतून वारंवार दिसले आहे. म्हणजे बापाचे उदाहरण हे थांबण्याचे कारण नाही, लवकर दाखवण्याचे कारण आहे. तशीच गोष्ट जिभेखालच्या दोरीची. ती फार आखूड असेल तर काही उच्चारांना त्रास होऊ शकतो. पण तिच्यामुळे मूल दोन वर्षांचे होऊनही मुके राहत नाही, आणि ती कापल्याने शब्द फुटत नाहीत. वेखंड उगाळून जिभेला लावतात, पोपटाने चोच मारलेला पेरू खायला देतात, भवानीला नवस बोलतात. नवसाला आमची हरकत असण्याचे कारण नाही. वेखंडाबरोबर मध मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नये, एवढे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. या सगळ्या उपायांचा खरा तोटा एकच : प्रत्येक उपायाला 'गुण येईपर्यंत' थांबावे लागते, आणि थांबण्यात वय निघून जाते.

मग किती थांबायचे? ढोबळ खुणा सर्वत्र मान्य आहेत. सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरांची माळ सुरू होते. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. वर्षापर्यंत बडबड नाही, बोट दाखवणे नाही, टाटा करणे नाही; सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही; दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'दूद दे' असे दोन शब्द स्वतःहून जोडलेले नाहीत : यांतले काहीही दिसले तर पुढे पाठवावे. आणि आलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात पाठवावे. यात 'बघू' नाही.

दोन वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण दहा ते पंधरा उशिरा बोलणारी निघतात, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक शाळेत जाईपर्यंत बाकीच्यांना गाठतात. 'आपोआप बोलतंय' या समजुतीला बळ मिळते ते इथूनच. अडचण अशी की कोणते गाठणार आणि कोणते मागे राहणार हे दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडावर लिहिलेले नसते. थोडा अंदाज येतो तो न बोललेल्या गोष्टींवरून. मूल सांगितलेले समजते का, खुणा करून मागते का, डोळ्याला डोळा देते का, खोटा खोटा स्वयंपाक करून बाहुलीला भरवते का. बोलणे नाही पण हे सारे भरपूर आहे, अशा मुलाची चिंता कमी. बोलणे थोडे आहे पण हे सारे नाही, अशा मुलाची जास्त.

आता मोजण्याच्या साधनांकडे. मुलाचे बोलणे टिपून ठेवण्याची हौस जुनी आहे. चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या तान्हेपणीच्या नोंदींवरून १८७७ साली एक टिपण छापले. त्यात वर्षाचे ते पोर खाण्याला स्वतःच बनवलेला एक शब्द वापरत होते, याची नोंद आहे. १९७३ साली रॉजर ब्राउन यांनी ॲडम, ईव्ह आणि सारा या तीन मुलांच्या बोलण्याच्या नोंदींवरून दाखवले की इंग्रजी बोलणारी मुले व्याकरणाचे चौदा बारीक घटक जवळपास ठरावीक क्रमाने शिकतात, आणि वाक्याची सरासरी लांबी ही वयापेक्षा चांगली मोजपट्टी ठरते. तेव्हापासून जगभरच्या वाचातज्ज्ञांच्या टेबलावर ही लांबी मोजण्याची पद्धत आहे. आमच्याही आहे. पण तो चौदांचा क्रम मराठी मुलाला लावून पाहण्यात अर्थ नाही. इंग्रजीतल्या मुलाला नामाचे लिंग सांभाळावे लागत नाही. मराठीतल्या मुलाला तीन सांभाळावी लागतात, आणि क्रियापदालाही त्याप्रमाणे वळवावे लागते. डॅन स्लोबिन यांनी १९८५ पासून संपादित केलेल्या ग्रंथांनी हेच ठसवले की प्रत्येक भाषा आपल्या मुलांपुढे वेगळा अभ्यास ठेवते.

भारतात या कामाचा एक मोठा टप्पा प्रमिला फाटक यांचा. नॅन्सी बेली यांच्या मापनश्रेणीवर बडोद्यातल्या बालकांना घेऊन त्यांनी भारतीय मानदंड बसवले, म्हणूनच त्यांना बडोदा मानदंड म्हणतात. त्यातून पुढे घडलेली 'डासी' ही श्रेणी १९९७ साली सुधारून आली : जन्मापासून अडीच वर्षांपर्यंत, हालचालींचे ६७ घटक आणि मानसिक विकासाचे १६३. याच बडोदा मानदंडांतले १७ घटक निवडून तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक छोटा तक्ता केला, जो सेविकेलाही काही मिनिटांत वापरता येतो. त्याच केंद्राने केवळ भाषेसाठीही एक श्रेणी बनवली. ही साधने आपली आहेत, चांगली आहेत, पुस्तकात ती सविस्तर शिकवली आहेत. तरी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. डासीत भाषा हा मानसिक श्रेणीचाच एक पदर आहे. ठोकळे रचण्यात, लपवलेली वस्तू शोधण्यात हुशार असलेले मूल एकूण गुणांत बरे दिसते आणि त्याची भाषेची अडचण बेरजेत लपते. बेरीज करण्याआधी भाषेचे घटक वेगळे काढून पाहावेत.

साधन कितीही चांगले असो, कागदावरच्या उत्तरापुढे 'चूक' की 'बरोबर' हे लिहिणारा हात माणसाचा असतो. म्हणून एक नमुना जवळून पाहू. उमरगा-लोहारा भागातली तीन वर्षांची मुलगी आजीच्या मांडीवर बसून चित्रे पाहते आहे असे समजा. तिची वाक्ये अशी :

"आजी, बग. कुतरं पानी पिऊलालंय. तेनं भाकर खाल्ली. मला बी दी."

पुण्यात छापलेला उच्चारचाचणीचा तक्ता घेऊन बसलेला नवखा तपासनीस यात भराभर फुल्या मारील. 'बघ'चा 'बग', 'पाणी'चे 'पानी', 'पीत आहे'चे 'पिऊलालंय', 'त्याने'चे 'तेनं', 'ही'चे 'बी', 'दे'चे 'दी'. सहा चुका, चार वाक्यांत. आता आजीला बोलते करा. आजीही 'पानी'च म्हणते. शेजारीणही. शाळेला 'साळा' म्हणणारे अख्खे गाव आहे. कळंब-वाशीकडे, बीडच्या शिवेला, 'करायलाय' म्हणतात, इकडे लातूरच्या अंगाला 'करूलालाय'. मुलगी आपल्या गावचे रूप बिनचूक उचलते आहे. फुल्या पुसल्यावर जे उरते ते पाहण्यासारखे आहे. 'कुतरं' नपुंसकलिंगी, म्हणून 'पिऊलालंय'. तिने 'पिऊलालाय' म्हटले नाही. आणि 'तेनं भाकर खाल्ली'. खाणारे कुत्रे, पण क्रियापद गेले भाकरीच्या लिंगावर, कर्त्याला लागले 'नं'. भूतकाळात असा कर्ता बदलतो आणि क्रिया कर्माच्या मागे जाते, ही मराठी व्याकरणातली गुंतागुंत मोठ्या वयात मराठी शिकणाऱ्याला वर्षानुवर्षे छळते. ही तीन वर्षांची मुलगी ती आजीच्या मांडीवर बसून पार पाडते आहे. तिच्या भाषेला काही झालेले नाही.

याच्या उलट नमुनाही आम्ही मुद्दाम दिला आहे. चार वर्षांचा मुलगा, उच्चार स्वच्छ, 'पाणी' आणि 'शाळा' पुस्तकी. मोबाइलवर ऐकून इंग्रजी अंक शंभरपर्यंत म्हणतो, हिंदी गाणी ओळीने म्हणतो. घरच्यांना कौतुक. पण "हे तुला कोणी दिलं?" विचारले की "दिलं" म्हणतो. "काल कुठं गेला होतास?" या प्रश्नावर पुन्हा अंक सुरू होतात. त्याने स्वतः रचलेले वाक्य अर्ध्या तासात एकही येत नाही. तक्त्यावर त्याला फुली मिळणार नाही आणि गरज मात्र त्यालाच आहे. उच्चार म्हणजे भाषा नव्हे, हे वर्गात एका वाक्यात सांगून होते. ओट्यावर बसून ते दिसायला हा मुलगा आणि ती मुलगी शेजारी शेजारी बसवावी लागतात.

उच्चारांबद्दल थोडेच सांगतो, कारण पाचवे प्रकरण त्यांचेच आहे. लहान मुले 'काका'ला 'ताता' म्हणतात, 'गाडी'ला 'गादी', 'र'च्या जागी 'ल' किंवा 'य' आणतात. हे बोबडेपण बहुतेकांचे चार-पाच वर्षांपर्यंत जाते. 'र' आणि 'ळ' मागून येतात. अडखळणे, म्हणजे आपण ज्याला तोतरेपणा म्हणतो तो, वेगळा विषय आहे. तिथे मुलाला "नीट बोल, सावकाश बोल" असे टोकणे घरच्यांनी आधी थांबवावे.

बोलींकडे परत. निजाम राजवटीतून १९४८ मध्ये सुटलेला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलेला हा जिल्हा. पूर्वेला आणि दक्षिणेला बिदर-कलबुर्गीची हद्द. उमरग्याकडच्या कित्येक घरांत चुलीपाशी कन्नड आणि बाजारात मराठी चालते. धाराशिव, परंडा, नळदुर्गच्या मोहल्ल्यांत दखनी उर्दू. तांड्यांवर गोरमाटी, पालांवर पारधी आणि इतर भटक्या जमातींच्या बोली. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, म्हणून जुन्या केसपेपरवर जुने नाव दिसेल. तसेच जुन्या केसपेपरवर 'मातृभाषा : मराठी' हेही छापून आल्यासारखे दिसेल. त्या रकान्यावर विश्वास ठेवू नये. विचारावे : घरात आईशी काय बोलता, आजीशी काय, भांडताना काय?

दोन भाषांतल्या मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजावेत. आईला गोरमाटीत 'याडी' म्हणणारे आणि दुधाचा मराठी शब्द वापरणारे मूल अर्धे नव्हे, दोन शब्द जाणते. खरी भाषिक अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. फक्त मराठीत दिसत असेल तर ती मराठी कमी कानावर पडल्याची खूण आहे. आणि कोणीही, कितीही पदव्या असल्या तरी, घरच्यांना "आता घरात फक्त मराठी बोला" असा सल्ला देऊ नये. ज्या भाषेत आईला लाड करता येतात ती बंद केल्याने मुलाची दुसरी भाषा वाढत नाही. घरातले बोलणेच कमी होते. आम्हाला हा सल्ला अजून ऐकू येतो, शहाण्या माणसांकडून.

शब्दांच्या याद्यांचेही असेच. १९९३ मध्ये छापलेली मॅकआर्थर-बेट्स शब्दसूची ही आईला विचारून मुलाचे शब्द मोजण्याची पद्धत जगभर गाजली, आणि पद्धत उत्तम आहे : आईइतके मुलाचे बोलणे दुसऱ्या कोणी ऐकलेले नसते. पण यादीतले शब्द आपल्या घरातले हवेत. भाकर, कालवण, म्हस, कोयता, चिऊ, काऊ, भुर्र, हम्मा. 'भुर्र' हा शब्द धरायचा का, असे विद्यार्थी दर वर्षी विचारतात. धरायचा. एखादा आवाज मूल त्याच अर्थाने पुन्हा पुन्हा वापरत असेल तर तो शब्द आहे, मग तो कोशात असो वा नसो. आणि प्रश्न विचारण्याची पद्धत बदलावी. "बोलतो का?" याला आई "बोलतो की" म्हणते, सासू "कुठं बोलतो" म्हणते, आणि दोघींचे तिथेच वाजते. त्याऐवजी : "काल सांजच्याला तहान लागली तेव्हा यानं काय केलं?" मग कळते की त्याने आईचा हात धरून माठापाशी नेले, किंवा तांब्याकडे बोट केले, किंवा 'पा' म्हणाला. तीन उत्तरे, तीन वेगळ्या पायऱ्या.

यादी, नमुना, श्रेणी यांच्याही आधी कान. बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी झालीच पाहिजे. ती होईपर्यंत बाकी सगळे निष्कर्ष पेन्सिलने लिहावेत. "थाळी वाजवली की बघतं हो" यावर समाधान मानू नये. थाळीचा दणका मोठा असतो, हवेचा झोत आणि जमिनीचा हादराही लागतो; मूल त्याला वळेल आणि तरी 'स', 'श', 'त' हे बारीक आवाज त्याला ऐकू येत नसतील. अमेरिकेतल्या बालश्रवणविषयक संयुक्त समितीने घालून दिलेला आणि आता जगभर मानला जाणारा दंडक सोपा आहे : महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. त्यासाठी झोपलेल्या बाळाच्या कानात करायची ओएई आणि मेंदूपर्यंतचा मार्ग तपासणारी बेरा, या दोन चाचण्या. आपल्याकडे मामाच्या, आत्याच्या घरात सोयरीक करण्याची चाल आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नांत जन्मजात बहिरेपण जास्त आढळते. हे सांगताना दोष देण्याचा सूर नको, पण केसपेपरवर तो प्रश्न हवा. आणि फुटलेला कान. पावसाळाभर वाहणारा, तेल घालून 'बरा' केलेला कान मुलाला कधी ऐकू देतो, कधी नाही; त्या महिन्यांत भाषा अर्धवट पोचते आणि शाळेत त्यालाच 'लक्ष नाही' म्हणतात.

सरकारी वाट आहे, आणि ती नवख्यांना माहीत असावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. ऐकण्याची अडचण आणि भाषेतला विलंब दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. तिथून मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जावे अशी योजना. २०१८ पासून हा जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असल्याने आकडे मागणारे इथे पुष्कळ येतात. वजनाचा काटा दर महिन्याला अंगणवाडीत टांगला जातो; बोलण्याची नोंद घेणारा तितका नियमित रकाना नाही. सेविका मात्र आहे, रोज आहे. तिला निदान करायचे नाही, फक्त चाळायचे आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत मुलांसाठी काम मांडले आणि पुढे शिक्षण मुलांच्या अंगणात नेले, तेव्हा पोरांशी त्यांच्या बोलीत बोलणारी बाई हेच त्या अंगणाचे भांडवल होते. ते आजही संपलेले नाही.

या वाटेत एक मोठा खड्डा आहे : हंगाम. वाशी, भूम, कळंब, परंड्याकडची कुटुंबे दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडाला. दोन वर्षांचे मूल या चक्रात सापडले की त्याचे अर्धे वर्ष कोपीत, फडाच्या बांधावर जाते. पथक आले तेव्हा मूल टोळीबरोबर, पुण्या-सोलापूरची तारीख मिळाली तेव्हा बाप कोयत्यावर. मूल मागे आजीपाशी राहिले तर आईला त्याचे शब्द ठाऊक नसतात, माहिती आजीला विचारायची. म्हणून आमचा आग्रह आहे की या चार तालुक्यांत चाळणी श्रावण-भाद्रपदात उरकावी, श्रवणचाचणी दसऱ्याआधी व्हावी, आणि निष्कर्षाचा कागद मराठीत, ठळक अक्षरांत, आईच्या हातात असावा. कारखान्याच्या गावी डॉक्टरला दाखवायला तोच एक पुरावा असतो. सरकारी वेळापत्रकाला श्रावण कळत नाही, पण ते राबवणाऱ्याला कळतो.

कायद्याबद्दल एक बारकावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे, हे ऐकून पालक आशेने येतात. पण अधिनियमातली व्याख्या स्वरयंत्र काढणे, वाचाघात यांसारख्या कारणांनी आलेल्या कायमच्या, शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या दिव्यांगत्वाची आहे. ज्याचे कान, मेंदू, बुद्धी यांत काही सापडत नाही आणि तरी भाषा येत नाही, असे मूल या व्याख्येत सहज बसत नाही. अशा मुलांच्या अवस्थेला काय म्हणायचे यावर डोरोथी बिशप आणि सहकाऱ्यांनी २०१६-१७ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या तज्ज्ञांची सहमती घडवून आणली, आणि 'विकासात्मक भाषा विकार' हे नाव रूढ झाले. तिकडच्या मोठ्या पाहण्यांत शंभरात सुमारे सात मुले अशी आढळली. आपल्या वर्गातली 'ढ' म्हणून मागच्या बाकावर गेलेली काही मुले हीच असणार. त्यांच्यासाठी प्रमाणपत्राच्या मागे धावण्यापेक्षा शिक्षकाशी बोलणे जास्त उपयोगी पडते, हे माझे मत. सगळ्या सहकाऱ्यांना ते मान्य नाही.

संत गोरोबा कुंभारांचे तेर आपल्याच जिल्ह्यातले. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन जमलेल्या संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा इथे पोराटोरांना ठाऊक आहे. कथेचा उत्तरार्ध आमच्या कामाचा : कच्चे ठरलेले नामदेव तसेच सोडून दिले गेले नाहीत, विसोबा खेचरांपर्यंत पोचले. 'भाषा विलंब' एवढे दोन शब्द लिहून मुलाला घरी धाडणारा तपासनीस नुसते थापटणे चालवतो. कोणाकडे, कधी, कोणता कागद घेऊन, एसटी कुठून, हे सांगितल्याशिवाय मूल्यमापन पुरे होत नाही.

या क्षेत्रात आता येणाऱ्यांना काम भरपूर आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ ची, मुंबईत नायर रुग्णालयातला पदवी अभ्यासक्रम त्यानंतर लगेचचा, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. तिथून शिकून निघालेली मंडळी मोठ्या शहरांत पुष्कळ आहेत. लेखन, संशोधनही तिथल्याच मुलांवर होते. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मराठी बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यात गावोगावच्या मोठ्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित आहे. मूल्यमापकाने ते ऐकावे, म्हणजे कोणते रूप गावाचे आणि कोणते मुलाचे हे ओळखण्याचा कान तयार होतो. त्याला जोड म्हणून या जिल्ह्यातल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या बोलण्याचे नमुने, तालुक्यावार, बोलीवार, कोणीतरी जमवायला हवेत. त्याला यंत्रसामग्री फार लागत नाही. साधा मोबाइल, वही आणि भर दुपारी ओट्यावर बसण्याची तयारी लागते.

पुस्तक क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. सेविकांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. डॉक्टरांनी कानाचे प्रकरण वगळू नये, त्यांना ते येते असे वाटत असले तरी. विद्यार्थ्यांनी मात्र पुढचे पान उलटण्याआधी ओळखीतल्या एका तीन वर्षांच्या मुलाची पन्नास वाक्ये लिहून आणावीत. जशी ऐकली तशीच. शुद्धलेखन सुधारू नये, अर्धी राहिलेली वाक्ये पुरी करू नयेत, आणि मुलाने काही म्हणण्याआधी मोठ्यांनी काय विचारले तेही लिहावे. पानाच्या माथ्यावर वय महिन्यांत, घरातल्या सगळ्या बोली, कान कधी वाहिला होता का, आणि हंगामात कुटुंब कुठे असते, एवढे असावे. चौथ्या प्रकरणातली गणिते याच पन्नास वाक्यांवर करायची आहेत.